वर्षाविहारातील जोखीम : मोजायची कशी, आवरायची कशी?

मावळ-लोणावळ्यातील पर्यटनस्थळांच्या सुरक्षेचा लेखाजोखा

मावळ तालुक्यातील दोन दुर्घटनांनी लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत राज्याचे लक्ष वेधून घेतले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. त्यांत ४ मुले होती. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. त्यात ४ जणांचा मृत्यू झाला आणि ५० हून अधिक जण जखमी झाले. दोन्ही दिवस रविवारचे होते, दोन्ही वेळा दुपारच्या होत्या आणि दोन्ही ठिकाणचा धोका स्थानिक रहिवाशांना आधीपासून ठाऊक होता.

अशा घटनांनंतर पर्यटकांचा बेफिकीरपणा आणि प्रशासनाची उदासीनता या दोन मुद्द्यांभोवती चर्चा फिरते. दोन्हींत तथ्य आहे. परंतु जोखीम व्यवस्थापन या शास्त्राचा पहिला प्रश्न दोष कोणाचा हा नसतो. ‘या जागेची जबाबदारी कोणाची आणि ती जागा नेमकी केव्हा बंद करायची?’ हा असतो. कारखाने, खाणी, विमानतळ एवढेच नव्हे, तर गोल्फच्या मैदानांनीही या प्रश्नाचे उत्तर शोधून ठेवले आहे. वर्षाविहाराच्या स्थळांवर मात्र ते अद्याप धूसर आहे.

धोका आणि जोखीम

बोलीभाषेत धोका आणि जोखीम हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. शास्त्र त्यांत भेद करते. अपाय करण्याची क्षमता असलेली कोणतीही गोष्ट म्हणजे धोका. त्या धोक्याशी माणसाचा संबंध येण्याची शक्यता आणि तसे झाल्यास होणारी हानी, या दोहोंचा गुणाकार म्हणजे जोखीम. शेवाळलेला कातळ हा धोका आहे. जानेवारीत त्या कातळाकडे कोणी फिरकत नाही, तेव्हा जोखीम नगण्य असते. जुलैतील रविवारी त्याच कातळावर शेकडो माणसे उभी राहतात, तेव्हा कातळ तोच असूनही जोखीम अनेक पटींनी वाढते.

जोखीम व्यवस्थापनाचे ‘आयएसओ ३१०००’ हे आंतरराष्ट्रीय मानक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये सुधारण्यात आले. त्यातील टप्पे साधे आहेत. प्रथम धोके ओळखायचे, मग प्रत्येकाचे विश्लेषण करायचे, नंतर कोणती जोखीम पत्करण्याजोगी आहे आणि कोणती नाही हे ठरवायचे, त्यानुसार उपाय योजायचे आणि त्यांचा सातत्याने आढावा घ्यायचा. प्रत्यक्ष कामात शक्यतेला १ ते ५ आणि हानीच्या गांभीर्याला १ ते ५ गुण देऊन त्यांचा गुणाकार करण्याची पद्धत रूढ आहे. पाय घसरून मुरगळणे ही वारंवार घडणारी, पण सौम्य घटना असते. तिचा गुणाकार ५ गुणिले १, म्हणजे ५ भरतो. प्रवाहात वाहून जाणे क्वचित घडते, पण ते जिवावर बेतते. शक्यता ३ धरली तरी गुणाकार १५ होतो. त्यामुळे उपाययोजनेत दुसऱ्या धोक्याचा क्रम पहिला लागतो.

घाटमाथ्याचा स्वभाव

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला वसले आहे. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे येथे प्रथम अडतात. परिणामी लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून ६५ किलोमीटरवरील पुणे शहराची सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटरच्या घरात आहे. हा फरक जोखमीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरतो. शहरात रिमझिम पाहून निघालेल्या पुणेकराला घाटमाथ्यावर काय चालले असेल याचा अंदाज येत नाही. मुंबईकराची स्थितीही याहून फारशी वेगळी नसते.

त्यातच येथील ओढ्यांची पाणलोट क्षेत्रे लहान आणि उताराची आहेत. खाली काळा बेसाल्ट खडक असल्याने पावसाळ्याच्या मध्यावर पाणी जमिनीत मुरण्यास फारसा वाव राहत नाही. एका चौरस किलोमीटरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५ कोटी लिटर पाणी साचते. त्यातील मोठा वाटा काही मिनिटांतच ओढ्यात उतरतो. वरच्या डोंगरात सर कोसळत असताना खाली धबधब्यापाशी पाऊस थांबलेला असू शकतो. पाणी अचानक वाढल्याचे अशा घटनांनंतर जे सांगितले जाते, त्याचे कारण हेच आहे.

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही बाबही सर्वसामान्यांच्या लक्षात येत नाही. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या पायांवर सेकंदाला दीड मीटर वेगाच्या प्रवाहाचा दाब ढोबळ हिशेबाने १७ किलो वजनाइतका असतो. वेग दुप्पट, म्हणजे सेकंदाला ३ मीटर झाला की तो दाब चौपट होऊन ६८ किलोच्या आसपास पोहोचतो. पायाखाली शेवाळ असेल तर त्याच्या निम्म्या जोरातही तोल सुटतो. हात धरून साखळी केल्याने धीर येतो, पण अनुभवी साधनांशिवाय केलेल्या अशा साखळीत एकाचा पाय सुटला की इतरही ओढले जातात. मुलांची उंची कमी असल्याने मोठ्यांच्या गुडघ्याइतके पाणी त्यांच्या कमरेला लागते, वजन मात्र कितीतरी कमी असते.

भुशी : पायऱ्यांवर लक्ष, जंगलाकडे पाठ

भुशी धरण हे मूळचे पर्यटनस्थळ नव्हे. एकोणिसाव्या शतकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी ते बांधण्यात आले. वाफेची इंजिने गेली, धरण रेल्वेकडेच राहिले. पावसाळ्यात भरून वाहू लागल्यावर त्याच्या सांडव्याच्या पायऱ्यांवर बसून भिजण्याची प्रथा पडली. त्याच्या जोडीने मक्याची कणसे, भजी, चहा यांची दुकाने उभी राहिली.

गर्दी पायऱ्यांवर असल्याने पोलिसांचा बंदोबस्तही तेथेच लागत असे. २०२४ ची दुर्घटना मात्र पायऱ्यांवर घडली नाही. ती धरणाच्या जलाशयामागील जंगलातील धबधब्यात घडली. प्रवाहाच्या मधोमध खडकावर उभे असलेले कुटुंब पाणी वाढल्याने अडकले आणि काठावरील लोकांच्या डोळ्यांदेखत वाहत जलाशयात गेले. काठावर माणसे होती. दोर, फेकता येणारी तरंगती साधने किंवा ती वापरण्याचे शिक्षण असलेले कोणी नव्हते. लोणावळ्यातील ‘शिवदुर्ग मित्र’ या स्वयंसेवी पथकाने आणि नौदलाच्या पाणबुड्यांनी शोधकार्य केले. सर्व मृतदेह हाती येण्यास तिसरा दिवस उजाडला.

या घटनेत जोखीम व्यवस्थापनाचा एक जुना धडा आहे. एका जागी बंदोबस्त वाढला की गर्दीचा काही भाग बंदोबस्त नसलेल्या जागी सरकतो. त्यामुळे मूल्यमापन एकट्या धरणाचे करून भागत नाही. वाहनतळापासून शेवटच्या पायवाटेपर्यंतचा संपूर्ण परिसर एक घटक मानावा लागतो. येथे नेमकी अडचण होते. धरण रेल्वेचे, मागील जंगल वन विभागाचे, रस्ता आणि स्वच्छता नगरपरिषदेची आणि वाहतूक पोलिसांची, अशी वाटणी झालेली आहे. प्रत्येक यंत्रणेची हद्द स्पष्ट आहे. पर्यटक मात्र एका तासात या चारही हद्दींतून फिरून येतो.

हीच स्थिती तालुक्यात अन्यत्रही दिसते. वळवण, लोणावळा आणि शिरवता ही धरणे खोपोलीच्या जलविद्युत केंद्रासाठी टाटा समूहाने बांधली. पवना धरण जलसंपदा विभागाकडे आहे. कार्ला आणि भाजे येथील लेणी, तसेच लोहगड किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत येतो. जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी भूप्रदेशांत लोहगडाचा समावेश असल्याने तेथील ओघ वाढत जाणार, हे उघड आहे.

कुंडमळा : फलक होता, पूलही उभा होता

कुंडमळ्याचा पूल स्थानिक ग्रामस्थ व शेतकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी तीसेक वर्षांपूर्वी बांधला गेला होता. तो धोकादायक असल्याचा इशारा देणारा फलक लावलेला होता. नव्या पुलासाठी सुमारे ८ कोटी रुपये मंजूरही झाले होते. म्हणजे धोका ओळखला गेला होता, त्याची नोंद झाली होती, उपायासाठी निधी मिळाला होता. जुना पूल माणसांसाठी प्रत्यक्षात बंद करणे, एवढेच राहून गेले. घटनेच्या वेळी पुलावर शंभराहून अधिक लोक असल्याचे सांगण्यात आले. त्यांच्यासमवेत दुचाकीही होत्या.

पुलावरच्या गर्दीचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. एका चौरस मीटरमध्ये ५ माणसे दाटीवाटीने उभी राहिली, तर प्रत्येकी ६५ किलो धरून तेथे ३२५ किलो भार येतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या संहितेत पुलावरील पदपथासाठी चौरस मीटरला ४०० किलो आणि शहरे, तीर्थक्षेत्रे वा जत्रांच्या जागी ५०० किलो भार गृहीत धरण्याची तरतूद आहे. नव्या पुलाला ३२५ किलोचा भार पेलता यावा. गंजलेल्या, जीर्ण झालेल्या लोखंडी पुलाची मूळ क्षमता किती उरली आहे, हे मात्र डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. ग्रामस्थ एकेकटे ये-जा करतात तेव्हा पूल तग धरतो. पुराचे पाणी पाहण्यासाठी गर्दी मधोमध थबकते तेव्हा त्याच पुलाचा वापर बदललेला असतो. वापर बदलला की मूल्यमापन नव्याने करावे लागते, हा जोखीम व्यवस्थापनाचा नियमच आहे.

उपायांची उतरंड

औद्योगिक सुरक्षेत उपायांची एक मान्य उतरंड आहे. सर्वांत प्रभावी उपाय सर्वांत वर आणि सर्वांत दुबळा सर्वांत खाली, अशी तिची रचना असते.

१. धोका मुळातूनच काढून टाकणे : जीर्ण पूल पाडणे किंवा त्याची दोन्ही टोके भिंत घालून बंद करणे.

२. पर्याय देणे : प्रवाहात न उतरता धबधबा पाहता येईल, भिजता येईल अशी सुरक्षित जागा तयार करणे.

३. बांधकामाद्वारे अटकाव : कठडे, जाळ्या, दोरखंड, पाण्याची पातळी दाखविणारे खांब, वरच्या अंगाला बसविलेले इशाऱ्याचे भोंगे.

४. नियम व देखरेख : प्रवेशाची वेळ, संख्येची मर्यादा, प्रशिक्षित जीवरक्षक, फलक, मनाई आदेश.

५. वैयक्तिक साधने : जीवरक्षक जाकिटे, पकड असलेली पादत्राणे.

फलक चौथ्या पायरीवर आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. तो वाचणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असतो. त्यातही ‘सावधान, पाणी खोल आहे’ हे वर्षभर तेथेच असलेले वाक्य काही दिवसांत डोळ्यांना दिसेनासे होते. आजच्या पाण्याची पातळी, आज प्रवेश खुला की बंद, आतापर्यंत येथे किती जीव गेले, अशी ताजी आणि नेमकी माहिती देणारा फलक अधिक परिणामकारक ठरू शकतो.

गोल्फचे मैदान काय शिकविते?

लोणावळ्याहून पुढे मुळशीच्या हद्दीत उभारण्यात आलेल्या ॲम्बी व्हॅली प्रकल्पात १८ होलचे गोल्फचे मैदान तयार करण्यात आले. गोल्फ हा निवांत खेळ मानला जातो. सुरक्षेच्या अभ्यासकांना मात्र तो फार उपयुक्त नमुना वाटतो, कारण मोकळे रान, पाणी, उतार, अचानक बदलणारे हवामान आणि पांगलेली माणसे हे सारे धबधब्याच्या परिसरासारखेच तेथेही असते.

या खेळाने आपले धडे किंमत मोजून घेतले. जून १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘वेस्टर्न ओपन’ स्पर्धेत ली ट्रेव्हिनो यांच्यासह तीन नामवंत खेळाडूंना विजेचा धक्का बसला. १९९१ च्या उन्हाळ्यात यूएस ओपन आणि पीजीए अजिंक्यपद या दोन्ही स्पर्धांत वीज पडून प्रत्येकी एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. २०१८ मध्ये पॅरिसजवळील रायडर करंडक स्पर्धेत चेंडू लागून एका महिला प्रेक्षकाला एका डोळ्याची दृष्टी गमवावी लागली.

आज गोल्फच्या नियमावलीतच याची तरतूद आहे. एक दीर्घ भोंगा वाजला की खेळ तत्काळ थांबवायचा. हातातला फटकाही मारायचा नाही. मारला तर खेळाडू स्पर्धेतून बाद होऊ शकतो. दोन लहान भोंग्यांनी खेळ पुन्हा सुरू होतो. विजेबाबत ‘३०-३०’ हा संकेतही प्रचलित आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून आसरा गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडायचे नाही.

या व्यवस्थेचे मर्म भोंग्यात नाही. तो वाजविण्याचा अधिकार कोणाला आहे हे ठरलेले असण्यात आहे. मैदानाला एक व्यवस्थापक असतो, थांबण्याची कसोटी आधी लिहून ठेवलेली असते आणि ती गाठली की चर्चा होत नाही. भुशीच्या ओढ्यावर पाणी वाढताना ‘आता सर्वांनी बाहेर या’ असे सांगणारा एक अधिकृत आवाज ठरलेला असता, तर मिळालेली काही मिनिटे कामी येऊ शकली असती.

बंद करण्याची कसोटी

अशी कसोटी ठरविण्यासाठी आवश्यक माहिती उपलब्ध आहे. भारतीय हवामान विभाग २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरला अतिजोरदार आणि त्याहून अधिक पावसाला अत्यंत जोरदार पाऊस मानतो. पिवळा इशारा परिस्थितीवर लक्ष ठेवण्यास, नारिंगी सज्ज राहण्यास आणि लाल प्रत्यक्ष कृती करण्यास सांगतो. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप विकसित केले आहे.

तथापि जिल्ह्याचा इशारा हा पहिला निकष झाला. ओढ्याचा स्वभाव पाहता त्याला स्थानिक निकषाची जोड हवी. वरच्या अंगाला पातळीदर्शक खांब व त्याला जोडलेला भोंगा, पाणी गढूळ झाले किंवा त्यातून काटक्या-पालापाचोळा वाहत येऊ लागला की प्रवाह रिकामा करणे, अशा कसोट्या अल्प खर्चात राबविता येतात. किल्ल्यांवर निकष गर्दीचा असावा. जुलै २०२३ मध्ये लोहगडाच्या अरुंद दरवाजांत व पायऱ्यांवर हजारो पर्यटक तासन्‌तास अडकून पडले होते. तेथे चढणाऱ्यांची संख्या पायथ्याशीच मोजून, ठरावीक आकड्यानंतर प्रवेश थांबविणे हाच उपाय आहे. दरवाजात गर्दी दाटल्यावर पोलीस वर पोहोचूही शकत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. आपत्तिप्रवण क्षेत्रे निश्चित करून प्रतिबंधक उपाय योजले जात आहेत याची खातरजमा करणे, हे कलम ३० नुसार प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कलम ३४ अन्वये धोका असलेल्या क्षेत्रातील वाहतूक व लोकांचा प्रवेश नियंत्रित करण्याचे अधिकारही त्याला आहेत. याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढता येतात. भुशीच्या घटनेनंतर जुलै २०२४ मध्ये मावळसह जिल्ह्यातील अनेक तालुक्यांसाठी असा आदेश काढण्यात आला होता. खोल पाण्यात उतरणे, धोकादायक ठिकाणी छायाचित्रे काढणे, मद्यपान करणे यांस मनाई करण्यात आली होती आणि लोणावळ्यातील पर्यटनस्थळांवर सायंकाळी सहानंतर थांबण्यास बंदी होती.

म्हणजे अधिकारांची उणीव नाही. मनाई आदेशाची मर्यादा वेगळी आहे. तो ठरावीक मुदतीचा असतो, बहुधा घटनेनंतर निघतो आणि संपूर्ण तालुक्याला एकाच मापाने मोजतो. सरसकट बंदीचा फटका चहा-भजीच्या टपऱ्या, पवनाकाठचे तंबू व्यावसायिक, रिक्षाचालक आणि घरगुती खानावळी यांना बसतो. पावसाळ्याच्या आठ-दहा शनिवार-रविवारांवर ज्यांच्या वर्षाची मिळकत ठरते, त्यांच्याकडून अशा बंदीला मनापासून साथ मिळणे कठीण असते. शिवाय एक धबधबा बंद झाला की वाहने पुढच्या अनोळखी ओढ्याकडे वळतात. स्थळनिहाय, पातळीनिहाय आणि तासानिहाय बंदी अधिक न्याय्य आणि अधिक परिणामकारक ठरते. ओढा दुपारी दोन तास बंद राहून पाणी उतरल्यावर पुन्हा उघडला, तर दुकानदाराचा दिवसही बुडत नाही.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. तेथे २००८ पासून समुद्रकिनाऱ्यांवर ‘दृष्टी’ या संस्थेचे सशुल्क, प्रशिक्षित जीवरक्षक नेमण्यात आले आणि पुढे दूधसागर धबधबा व मये तलाव येथेही ते तैनात झाले. लोणावळ्यात हा भार मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांनी पेलला आहे. ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या पथकांचे कौशल्य वादातीत आहे. परंतु बुडणाऱ्याच्या मेंदूला प्राणवायू न मिळाल्यास ४ ते ६ मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. शहरातून निघालेले कोणतेही पथक जंगलातील धबधब्यावर एवढ्या वेळात पोहोचू शकत नाही. जीव वाचवायचा असेल तर प्रशिक्षित माणूस आणि दोर काठावरच असायला हवेत. धबधब्याची खडान्‌खडा माहिती असलेले गावातील तरुण आणि दुकानदार यांना प्रशिक्षण व मानधन देऊन हे काम सोपविले, तर सुरक्षा आणि रोजगार दोन्ही साधता येतील.

प्रत्येक स्थळासाठी एक पान

जोखीम व्यवस्थापन म्हटले की जाडजूड अहवाल डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात प्रत्येक पर्यटनस्थळासाठी एका पानाची नोंद पुरेशी आहे. त्या पानावर पुढील गोष्टी असाव्यात :

- स्थळाची सीमा, वाहनतळापासून शेवटच्या पायवाटेपर्यंत.
- धोक्यांची यादी आणि प्रत्येकाचे गुण.
- स्थळ बंद करण्याची लेखी कसोटी : पाण्याची पातळी, पावसाचा इशारा किंवा माणसांची संख्या.
- बंद करण्याचा अधिकार असलेल्या एका अधिकाऱ्याचे पद आणि त्याच्या गैरहजेरीतील पर्यायी पद.
- बचाव साधनांची जागा आणि ती शेवटची तपासल्याचा दिनांक.
- मागील घटनांची, तसेच थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंद.

शेवटची बाब विशेष मोलाची आहे. थोडक्यात बचावलेला पर्यटक कपडे वाळवून घरी जातो आणि त्या प्रसंगाची नोंद कोठेच होत नाही. मोठ्या दुर्घटनेपूर्वी त्याच जागी असे अनेक लहान प्रसंग घडून गेलेले असतात. ते लिहून ठेवले, तर पुढची दुर्घटना कोठे घडू शकेल याचा अंदाज बांधता येतो. पावसाळा सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यात हे पान पाहिले जावे आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा तपासले जावे.

पर्यटकांनी लक्षात ठेवावे असे

- निघण्यापूर्वी पुण्या-मुंबईचा नव्हे, घाटमाथ्याचा हवामान इशारा पाहावा. लाल इशारा असल्यास बेत पुढे ढकलावा.
- प्रवाहाच्या मधोमध असलेल्या खडकावर जाऊ नये. पाणी वाढले की परतीची वाट प्रथम बंद होते.
- पाण्याचा रंग, आवाज किंवा वेग बदलताच सामान सोडून काठावर यावे आणि काठावरूनही उंच जागी जावे.
- धरणाच्या जलाशयात पोहू नये. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली खोल खड्डे, गाळ आणि झाडांचे बुंधे असतात.
- वाहून जाणाऱ्याच्या मागे उडी मारू नये. दोर, ओढणी, लांब काठी किंवा रिकामे बंद डबे फेकावेत.
- जुन्या पुलावर थांबू नये. गर्दी असल्यास ती ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे.
- लहान मुलांचा हात धरणे पुरेसे नाही. वाहत्या पाण्यात त्यांना उतरवूच नये.
- आणीबाणीच्या प्रसंगी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

पाऊस, कातळ आणि उतार हे मावळचे वैभव आहे, ते बदलता येणार नाही. बदलता येण्यासारखी गोष्ट एकच आहे : प्रत्येक धबधब्याला, पुलाला आणि किल्ल्याच्या दरवाजाला एक जबाबदार पद आणि एक लेखी कसोटी देणे. भुशीला ती नव्हती. कुंडमळ्याला फलक होता, निधी होता. पूल बंद करणारा हात नव्हता. पुढील पावसाळ्यापूर्वी तालुक्यातील गर्दीच्या प्रत्येक स्थळाचे एक पान लिहून तयार झाले आणि त्यावर एका अधिकाऱ्याची स्वाक्षरी झाली, तर रविवारची सहल संध्याकाळी घरी परतण्याची शक्यता निश्चितच वाढेल.